एरंडेलावर उडालेलं विमान

वडनेर भोलजी,
माघ, १९७१

प्रिय कोकिळा,

अनेक आशीर्वाद. नागपूरला अजून गारठा असेल, पाठवलेली गोधडी वापर, पेटीत घडी करून ठेवू नकोस. इकडे ज्वारी घरात आली, तूर शेतात उभी आहे, आणि तुझे बाबा दिवाळीपासून विमान बांधत होते. हसू नकोस. खरंखुरं इंजिनाचं विमान, आणि काल ते उडालं! शेवटी लिहायची गोष्ट आधीच लिहून बसले, पण पोटात मावेना.

तू विमान चालवायला शिकायला तिकडच्या फ्लाइंग क्लबात गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांत शरच्चंद्रमामानं इंग्लंडहून तुझ्या नावानं एक लांबलचक खोकं पाठवलं होतं. तुला कळवलं नाही, कारण तुझा विषय काढला की हे उठून विहिरीवर जायचे. तुझी पत्रं मी मोठ्यानं वाचायची, ती जणू भिंतीला ऐकवायला. हे दोरखंड वळत पाठमोरे बसायचे. पण मजकूर संपेपर्यंत दोर काही पुढे सरकायचा नाही, हे मला दिसत होतं. खोकं माळ्यावर गेलं. यंदा दिवाळीची झाडलोट करताना ते खाली काढलं आणि यांनी आपण होऊन दोरी कापली.

आत फुलासारख्या हलक्या लाकडाच्या फळ्या, चाकं, मुठीएवढं इंजिन, आणि जमिनीवरून विमान हाकायची रेडिओची पेटी. रेडिओच्या परवान्याचं मामानं मुंबईतल्या ओळखीच्या माणसाकडून उरकलं. यांनी कोठीचं दार बिजागरीतून उतरवलं, त्यावर नकाशा पसरला आणि टाचण्यांनी पंखाची एकेक फासळी बसवायला लागले. इंग्रजी मी वाचायची, हात यांचे. पंख एवढे मोठे की माझ्या कवेत मावत नव्हते. त्यांच्यावर रेशीम ओलं करून ताणायचं काम मी कुणाला करू दिलं नाही. वाळल्यावर ते असं तट्ट झालं की टिचकी मारली तर वाजायचं. इंजिनाला स्पिरिट अकोल्याहून आणलं, त्यात मिसळायला एरंडेल घरचंच. लहानपणी ज्याच्या वासानं तू मोटेमागं लपायचीस, त्याच वासानं सगळं घर भरलं.

तू निघालीस त्या दिवशी हे काय म्हणाले होते, ते तुझ्याही कानात असेल. "माह्या विहिरीवरचं इंजन बंद पडलं तं पानी थांबते. वर आभायात बंद पडलं तं काय थांबते, सांग मले." तू उत्तर दिलं होतंस, पण तेव्हा ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. लोकांना वाटलं, पोर ऐकत नाही म्हणून उत्तमराव रागावले. राग नव्हता गं तो. वीस घोड्यांचं इंजिन खोलून पुन्हा जोडणारा माणूस, पण पोर कशाच्या आधारानं वर राहते हे कळत नव्हतं म्हणून त्याला झोप नव्हती. फासळी घासताना मला विचारायचे, "वरून गोल, खालून सपाट, काऊन असं?" मी खोक्यातल्या पुस्तकातलं वाचून सांगायची. ते पुन्हा विचारायचे.

संक्रांतीनंतर पहिल्यांदा नेलं. ज्वारीच्या वावरातली धसकटं काढून पट्टा सपाट केला होता. विमान उठलं तर छान, पण वळून आमच्याकडे तोंड करून यायला लागल्यावर यांचा गोंधळ उडाला. आपण डावीकडे म्हणावं तर ते उजवीकडे जाई. गेलं थेट तुरीत. शेजारचे उकंडराव बांधावरून म्हणाले, "काऊन गा उत्तमराव, म्हातारपनी खेयनं घेतलं काय?" पंख मोडला होता. हे घरी येऊन सरळ पुन्हा फासळ्या कापायला बसले. मी शेजारी बसून विचार केला आणि म्हटलं, "समोरून पाहू नका. तिच्या जागी बसून पाहा, तिचा डावा कोनता." म्हणायचं होतं विमानाच्या जागी, तोंडातून निघालं भलतंच. यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "हाव. तसंच पाहाले पाह्यजे."

काल सकाळी अर्धं गाव आलं होतं. विमान उठलं, तुरीवरून गेलं, वळलं, आमच्याकडे आलं, पुन्हा वळलं. यांची मान त्याच्याबरोबर वळत होती, जसे काही आत बसलेत. लोक ओरडत होते. आणि एकदम आवाज थांबला. टाकीतलं तेल संपलं होतं. कोकिळा, एवढ्या गर्दीत चिमणीचा आवाज येईल अशी शांतता. यांचा चेहरा पांढरा पडला, मी डोळे मिटणार होते. पण ते पडलं नाही. नाक जरासं खाली करून, घार उतरते तसं, सावकाश येत राहिलं. यांनी ते वळवलं, पट्ट्यासमोर आणलं, चाकं टेकली, थोडं धावलं आणि उभं राहिलं. धड, साबूत!

उकंडरावांनीच आधी पागोटं उडवलं. लोकांनी विमान खांद्यावर घेऊन मारुतीच्या पारापर्यंत नेलं. हे मात्र ढेकळावर बसले होते. मी जवळ गेले तर हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. "पुष्पा, इंजन बंद होतं. बंद होतं अन् आलं ना व खाली बराबर!" रस्ताभर हेच. आणि घराच्या पायरीवर, तू गेल्यापासून पहिल्यांदा, तुझं नाव घेतलं: "कोकिळेले हे ठावं असन ना?"

म्हणून आज हे पत्र. लायसन मिळालं, आता कुणालाही सोबत घेऊन उडता येतं, असं तू मागं लिहिलं होतंस आणि पुढं काहीच मागितलं नव्हतंस. पुढच्या रविवारी आम्ही मलकापूरहून गाडी धरतोय. यांनी नवं धोतर काढून ठेवलंय आणि तुझ्या मागची जागा आपलीच, असं गावभर सांगून आलेत. त्यांना खाली उतरवलंस की इंजिन बंद करू नकोस. दुसरी फेरी माझी.

तुझीच,
आई