नाव कमी करण्याबाबत

दि. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. पण जिन्यावर तू तिच्या दहा पायऱ्या पुढे पळत असशील तर तो फार दिवस बरा राहायचा नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूलही करत नाहीस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्या कामावर नवीन फतवा निघाला आहे. बावीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या करते. तुझीही केली आहे, आणि तू ती घालून माझ्याच कामाच्या चुका काढतोस. तर पुढच्या वर्षापासून ज्याच्याकडे पदविका नाही त्याने कवळीला हात लावायचा नाही. मालकांनी मला आत बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच समजलं की काहीतरी वाईट ऐकायचं आहे. पदविका नसेल तर साचे धुवायचं काम देता येईल, असं ते म्हणाले. ज्या मुलीला मी मेण किती गरम करायचं ते हाताला धरून शिकवलं, ती माझी साहेब होणार, आणि मी तिची भांडी धुणार.

म्हणून मी संध्याकाळच्या कॉलेजात जायचं ठरवलं आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदविकेसाठी नाव घातलं तर हातचं काम काढून घेणार नाही, असा शब्द मालकांनी दिला आहे. फी ऐकून माझे डोळे पांढरे झाले. पण कॉलेजाचा एक निधी आहे. घरच्या परिस्थितीमुळे ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं, अशा चाळिशीपुढच्या विद्यार्थ्यांची पूर्ण फी तो निधी भरतो. हे वाक्य माझ्याकडे बघूनच लिहिलंय की काय असं वाटलं.

अर्ज सात पानी आहे. त्याला माझा शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आहे. तू धोब्याच्या पावत्यासुद्धा जपून ठेवणारा माणूस, तेव्हा तो तुझ्या पेटीत असणारच. तेवढा पाठव.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर जीव टाक, पण दाखला आधी टाक टपालात.

तुझी,
छोटी


दि. ११ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कवळी डावीकडे अजून टोचते, याची नोंद घ्यावी.

तुझा बेत वाचला. तू बावन्न वर्षांची आहेस. वर्गातल्या पोरी तुला मावशी म्हणतील आणि मास्तर तुझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. तरी शिकायचं तर शीक, मी आडवा येत नाही. माझा आक्षेप अर्जाला आहे. सात पानं भरून आपली गरिबी परक्या माणसांना वाचायला द्यायची, हे मला पटत नाही. वडिलांनी कुणापुढे हात पसरला नाही. मी तीस वर्षं दुकानादुकानातून वजनंमापं तपासत फिरलो, पण कुणाच्या घोटभर चहाचा मिंधा झालो नाही. आपल्या घरात ही रीत नाही.

फी मी भरतो. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे आहेत, ते मोडतो. मोतीबिंदू पिकायला अजून वेळ आहे, आणि जे बघण्यासारखं होतं ते सगळं बघून झालं आहे.

दाखला शोधला. पेटीत नाही. घर बदलताना गहाळ झाला असावा. त्याच्या मागे लागू नकोस. शाळेतही इतकी जुनी दप्तरं कोण सांभाळतो!

प्रकृतीला जप. तुझा हट्ट कमी व्हावा आणि बाकी सर्व वाढावं, हा आशीर्वाद.

तुझा,
दादा


दि. १९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पैसे मी घेणार नाही. तू आंधळा झालास तर वहिनी मला उभी जाळेल. शिवाय हा निधी म्हणजे भीक नाही, तो याच कामासाठी ठेवलेला आहे. पाणपोईवर पाणी प्यायलं म्हणून कुणी भिकारी होत नाही.

दाखल्याची काळजी सोड. रजा काढून मी स्वतः शाळेत गेले. आपल्या वेळचं कुणी नाही, पण दप्तर आहे. तिथल्या कारकुनाने धूळ झटकून छत्तीस वर्षांपूर्वीची वही काढली आणि मला दुसरी प्रत करून दिली. दाखल्यावर नाव, जन्मतारीख आणि अकरावीत शाळा सोडल्याची तारीख आहे. कारणाच्या रकान्यात फक्त पालकांच्या अर्जावरून असं लिहिलं आहे. तो मी जोडला आणि अर्ज देऊन आले. खिडकीवर चष्मेवाल्या बाई आहेत, फार शिस्तीच्या. माझी सही रेघेच्या खाली गेली म्हणून त्यांनी एक पान परत लिहायला लावलं.

शिक्षण का सुटलं ते दहा ओळींत लिहायचं होतं. मी लिहिलं की वडील वारले, आई अंथरुणाला खिळली, भाऊ नुकताच नोकरीला लागला होता आणि घरी कुणीतरी हवं होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी तुला सांगितलेलं मात्र लिहिलं नाही. हिला पुढचं झेपणार नाही, शिवणकाम शिकवा, असं त्या म्हणाल्या होत्या ना? ते लिहिलं असतं तर फी कशाला देतील!

खरं सांगू? मला भीती त्याचीच वाटते. दहावीलाही मी काठावरच पास झाले होते. प्रवेशाच्या परीक्षेत साठातले एक्कावन्न मिळाले, तरी वाटलं की पेपर तपासणाऱ्याने डुलकी काढली असेल.

वहिनीला नमस्कार सांग. तुझ्या आशीर्वादातलं हट्टाचं कलम सोडून बाकी सगळं स्वीकारलं आहे.

तुझी,
छोटी


दि. १४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझा अर्ज नामंजूर झाला.

दाखल्यावर कारण नव्हतं म्हणून समितीने शाळेकडून मूळ कागद मागवला. तो पालकांचा अर्ज आहे, विषय नाव कमी करण्याबाबत. मुलीस अभ्यासात गती व गोडी नाही, सबब ती स्वखुशीने शाळा सोडत आहे, असा मजकूर आहे. खाली तुझी सही आहे. समितीचं म्हणणं असं की निधी परिस्थितीमुळे शाळा सुटलेल्यांसाठी आहे, कंटाळा येऊन सोडलेल्यांसाठी नाही. नियमाने त्यांचं बरोबर आहे.

त्याच कागदाच्या समासात मोठ्या बाईंच्या हातच्या तीन ओळी आहेत. चष्मेवाल्या बाईंनी मला प्रत करून दिली, ती सोबत जोडते. तुला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून इथे उतरवून देते. नादारी (फीमाफी) देऊ केली. पालकांनी नाकारली. मुलगी हुशार आहे, वाईट वाटते.

फेरविचारासाठी दहा ऑगस्टपर्यंत मुदत आहे. त्या वेळच्या पालकाने लेखी खुलासा केला तरच उपयोग होईल. नाहीतर नव्या वर्षाच्या एक तारखेपासून मी साचे धुते.

मला एवढंच विचारायचं आहे. मला झेपणार नाही असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, की तू म्हणाला होतास?

छोटी


दि. २४ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. तुझं पत्र आल्यापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. हे जेवणावरून अर्धवट उठतात, काही विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतात. एरवी येत नाही तेव्हा आल्यासारखं दाखवतात, म्हणजे बघ.

तुझं पत्र यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलं, आणि किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिली. मी ते वाचलेलं नाही. खोटं कशाला बोलू, वाचलं. दोनदा वाचलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण मला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. मलाही यांनी हेच सांगितलं होतं की छोटीला पुस्तक बघितलं की झोप येते. मी त्यावरून तुझी चेष्टासुद्धा केली आहे. ती आता आठवते आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी यांची बाजू घेत नाही. तुला हवं ते बोल, तुझा हक्क आहे. फक्त एवढं सांगते, काल यांनी माझ्याकडून पाच कोरे कागद मागून घेतले आणि पाचही फाडले. आज दुकानातून दस्ताच आणला आहे.

माझा गुडघा बरा आहे. तू दोन घास नीट खात जा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, मी यात नव्हते गं.

तुझी,
वहिनी


दि. २७ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

मी म्हणालो होतो. मोठ्या बाई तसं कधीच म्हणाल्या नाहीत.

आता सगळं सांगतो. फी थकली होती म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि नोकरीला लागून चार महिने झाले होते. त्यांच्या खोलीत दोन पालक आधीच बसलेले होते, त्यातला एक माझ्या कचेरीतला. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, तिला नादारी देऊ, फक्त अर्जात परिस्थिती लिहा. त्यांचा हेतू चांगला होता. माझे कान तापले. मी म्हणालो की आम्हाला नादारीची गरज नाही, मुलीलाच शिकायचं नाही. एकदा तोंडातून गेलं, मग तेच कागदावर लिहून दिलं.

आईला बघायला कुणीतरी हवं होतं हे खरं आहे. पण तू शाळा आणि आई दोन्ही सांभाळलं असतंस, वडिलांच्या आजारात सांभाळत होतीसच. तुझी शाळा माझ्या ताठ्यापायी गेली.

घरी येताना वाटेत विचार केला की आता हिला काय सांगायचं. नुसतं शाळा बंद म्हटलं असतं तर तू बाईंकडे गेली असतीस. म्हणून त्यांचं नाव घातलं. वाटलं, रडेल आणि विसरेल. तू रडलीही नाहीस. बरं म्हणालीस आणि आईचं पाणी तापवायला गेलीस. ते मी विसरलेलो नाही.

नंतर सांगता आलं असतं. पण तू सगळं निभावून नेलंस, आणि समोरच्याने निभावून नेलं की आपली चूक चूक वाटत नाही. दाखला माझ्याकडे पेटीतच होता. मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं बोललो. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेलं शिसं मी बोटाने शोधून काढायचो आणि खटले भरायचो.

समितीसाठी खुलासा लिहिला आहे, तो मुदतीत पोचेल याची व्यवस्था करतो. क्षमा मागतो. ती मिळावी असं मागत नाही.

माझा आशीर्वाद नको वाटला तर परत पाठव.

दादा


दि. २१ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्ज मंजूर झाला. दोन्ही वर्षांची फी निधीतून जाईल. परवापासून कॉलेज सुरू झालं.

खुलासा टपालाने आला असेल असं मला वाटलं होतं. मंजुरीचा कागद घ्यायला गेले तेव्हा चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं की तू स्वतः आला होतास. रांगेत उभा राहिलास, कुणी खुर्ची दिली ती घेतली नाहीस. कागद नुसता ठेवून जा म्हणाल्या तरी ऐकलं नाहीस, मी लिहिलंय ते मी वाचून दाखवतो म्हणालास. आणि तुला आपला आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. बाई म्हणाल्या की मधे दोनदा थांबले, पण पूर्ण वाचलं. त्यांनी मला प्रतही दाखवली. कुठेही सारवासारव नाही.

हे तुला किती जड गेलं असेल ते मला कळतं, मी तुला ओळखते. तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो गेला असं खोटं लिहिणार नाही. आपल्या घरात तेवढं खोटं पुरे झालं.

शाळा गेली त्याचा राग कमी आहे. तेव्हा कितीतरी मुलींची गेली. पण छत्तीस वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत आले, दादा. कामावर नवीन यंत्र आलं की मी आपली मागे उभी राहायचे, बाकीच्यांना आधी शिकू दे म्हणायचे. दोनदा मालकांनी मोठं काम देऊ केलं तर मला झेपणार नाही म्हणून मीच नको म्हटलं. तुझं वाक्य मी तुझ्याहून जास्त वेळा बोलले असेन. फी निधी भरेल. हे कोण भरणार?

वर्गात पोरी मला मावशी म्हणतात. मास्तरांनी पहिल्याच दिवशी जबड्याच्या हाडांची नावं विचारली. मला येत होती. तरी हात वर करायला मी इतका वेळ लावला की दुसऱ्याच मुलीने उत्तर दिलं, आणि चुकीचं दिलं. दुसऱ्या दिवशी मी हात वर केला.

एक राहिलं. तू कॉलेजपर्यंत आलास, तिथून माझं घर दहा मिनिटांवर आहे. तू न येता परत गेलास. गाडीला अजून चार तास होते, ते तू स्टेशनवर बसून काढलेस, हे वहिनीने कळवलं. ते वाचून मी खूप रडले. तेव्हा रडले नव्हते, ते आता.

पुढच्या वेळी घरी ये. मी तुझ्याशी धड बोलेन की नाही ते आज सांगता येत नाही. पण दार उघडीन, आणि जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.

आशीर्वाद ठेवून घेतला आहे.

तुझी,
छोटी