शिस्तीखालची एकतीस वर्षं

कात्रज, पुणे
११ सप्टेंबर २०२५

प्रिय संपतदादास रतनचा प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतोस, म्हणून लिहिते आहे. अक्षताचं ऑफिस हडपसरला, तिथून मांजरी जवळ. मामाला नेऊन देते म्हणाली. पण पोरीला यातलं काही माहीत नाही, तिच्यासमोर वाचू नकोस.

पुढच्या गुरुवारी, अठरा तारखेला सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर चांगला आहे, फक्त हसतो फार. सगळे धीर देतात, अशी ऑपरेशनं रोज होतात म्हणतात. पण मला ऑपरेशनची भीती नाही, दादा. त्याच्या पलीकडची आहे.

चौऱ्याण्णव साली मी दत्तप्रसादांशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा आमच्या मंडळीचा पाळक तूच होतास. हिंदूशी लग्न केलं म्हणून पंचांनी मला सहा महिने शिस्तीखाली ठेवलं. देवळात उपासनेला यायचं, पण प्रभुभोजनाच्या ताटातल्या भाकरीला, द्राक्षरसाला हात लावायचा नाही. मुदत संपली की पाळकाने घरी येऊन प्रार्थना करायची आणि ताटाला परत बोलवायचं, ही आपली रीत. आपण होऊन विचारायचं नसतं. मी वाट पाहिली, कोणी आलं नाही. तू बदली होऊन गेलास. पुढच्या पाळकांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट यायच्या आत उठून बाहेर पडत राहिले. बायकांना वाटायचं, हिला स्वयंपाकाची घाई आहे.

यंदा गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी उठले नाही. शेजारणीने ताट हातात दिलं, मी तुकडा घेतला, द्राक्षरसही प्यायले. जूनमध्ये जिना चढताना दम लागायला लागला. पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना, की जो अयोग्य रीतीने खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, आणि म्हणूनच तुमच्यात कित्येक आजारी आहेत, काही तर मेले. त्याच अध्यायावर तू त्या वर्षी उपदेश केला होतास, माझ्याकडे बघून. हल्ली रोज वाचते.

मला खरं सांग. माझं नाव अजून शिस्तीखाली आहे का? आणि हे दुखणं म्हणजे तोच दंड आहे का? गोड बोलून मला झोपवू नकोस, त्यासाठी तिथे भूलतज्ज्ञ आहेत.

लोभ होता तेवढा तरी राहू दे.

तुझी,
रतन

मांजरी, पुणे
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय रतनला दादाचा सलाम आणि आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस उशाशी आहे. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत आहेत, लिहायला हात उचलत नव्हता.

आधी पौलाचं. करिंथच्या मंडळीत खातेपिते लोक लवकर येऊन जेवून घ्यायचे. मोलमजुरी करणारे दिवस मावळल्यावर यायचे, तेव्हा ताटात काही उरलेलं नसायचं. अयोग्य रीत म्हणजे ही. अयोग्य माणूस असं तो म्हणतच नाही; तसं असतं तर ताटाला कोण बसलं असतं? आणि त्या अध्यायाच्या शेवटी तो काय सांगतो, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मी उपदेशात तिथवर पोचलोच नव्हतो. मला हवं तिथे थांबलो. तुझी झडप हा दंड नाही, रतन. आपल्या आईचीही तीच खराब होती.

आता तुझ्या नावाचं. तुला परत घेण्याचा ठराव पंचांनी पंचाण्णवच्या जानेवारीत केला. तो मंडळीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. तुला येऊन सांगायचं काम माझं होतं. पण तुझ्या घरी यायचं म्हणजे दत्तप्रसादांच्या समोर बसून चहा प्यावा लागला असता. आज जातो, उद्या जातो करत मे महिना आला आणि बदली झाली. मग रतनच रुसून बसली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं.

तू बाहेर थांबलीस आणि मी दर महिन्याला ताट वाटलं, स्वतः खाल्लं. करिंथकरांसारखा आधी जेवून घेणारा मी होतो. आता तो अध्याय उघडायची माझी छाती होत नाही. तू भ्यालीस त्याहून मी जास्त भ्यालो आहे. बुधवारी दवाखान्यात येतो, भाकर आणि द्राक्षरस घेऊन. नको म्हणू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
संपतदादा

दवाखान्यातून
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय दादास सलाम, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा तुझा इतका राग आला की नर्सने बीपी बघून विचारलं, आजी, काय वाचताय? पाळकांचं पत्र आहे म्हटलं, तर म्हणाली, मग वाचा.

दंड नाही हे पटलं. भीती मात्र गेलेली नाही. आता ती बाकीच्या पेशंटना वाटते तसली आहे. परवा छाती उघडणार, ती परत नीट मिटेल ना, एवढीच. अशी साधी भीती मला पुष्कळ वर्षांत वाटली नव्हती.

हे पत्र अक्षता आजच पोचवेल; उद्या बुधवारी ये. पण येशूने डोंगरावर सांगितलं ते तूच आम्हाला शिकवलंस, की अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी ज्याचं मन दुखावलंस त्याच्याशी समेट कर. दत्तप्रसाद इतकी वर्षं मला देवळाच्या फाटकापर्यंत सोडतात आणि मी बाहेर येईपर्यंत उभे राहतात. आईच्या मयतीत ते खांदा द्यायला पुढे आले, तू तोंड फिरवलंस. ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

माझ्या खोलीबाहेर ते बाकावर बसलेले असतील. भाकरीची पिशवी बाजूला ठेव, त्यांच्याशेजारी बस आणि माफी माग. मला ऐकू येईल अशी माग, दार उघडं ठेवायला सांगते. हे झालं नाही तर तुझ्या हातचा तुकडा मी घेणार नाही, तशीच आत जाईन. तुझ्या बोलावण्याची मी एकतीस वर्षं वाट पाहिली. तरी घेणार नाही.

लोभ आहे. पण उशीर करू नकोस, बुधवारी संध्याकाळी सहानंतर पेशंटला कोणालाही भेटू देत नाहीत.

तुझी,
रतन