बोटांना बांधलेल्या पट्ट्या

अण्णा, आज दुपारी एका मुलीच्या बोटांना पट्ट्या बांधताना तुमची आठवण झाली. ती चांगली आठवण नव्हती.

या मुलीला चारचौघांत बोलता येत नाही. आमच्या क्लिनिकमध्ये आम्ही तिच्या डोळ्यांवर हेडसेट चढवतो. त्यात तिला टेबलापलीकडे मुलाखत घेणारे तिघे दिसतात. ते खरे नसतात. तिच्या बोटांना किती घाम येतो, ते माझ्या पडद्यावर रेषेत दिसतं. रेष चढली की त्या तिघांच्या कपाळाला आठ्या पडतात, उतरली की ते हसतात. लोकांना हे फार नवीन वाटतं. तुम्ही हे नव्वदीच्या दशकात पेणला, मामाच्या गणपतीच्या कारखान्यात केलं होतंत.

रोह्याच्या कंपनीत तुम्ही मीटर दुरुस्त करायचात. बाद मीटरचे भाग, दोन पितळी पट्ट्या आणि एक बझर जोडून तुम्ही डबी बनवलीत. बोटांना घाम आला की ती वाजायची. मी एकोणीस वर्षांची, तुमच्याच कंपनीत टायपिस्टच्या मुलाखतीला जायचं होतं, आणि परक्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आधी तुम्ही मला डोळे न आखलेल्या मूर्तींसमोर उभं केलंत. नाव, शिक्षण, टायपिंगचा वेग. डबी गप्प राहिली. मग डोळे आखलेल्या मूर्तींची फळी. डबी वाजली. "पुन्हा," तुम्ही म्हणालात. पुढे मूर्तींच्या जागी रंगकाम करणाऱ्या बायका आल्या. त्या हसतात, मी थांबते, डबी वाजते. पुन्हा.

डोळे आखणारा मुलगा धरमतरकडचा होता, मिठागरात राबणाऱ्या घरातला. तो माझ्याशी फारसं बोलला नव्हता. फक्त माझी वेळ झाली की चार-पाच मूर्ती गुपचूप भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, माझ्याकडे बघणारे तेवढेच कमी व्हावेत म्हणून. एवढंच. मला ते पुरत होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे भोवती बसलेले असताना एक बाई तुम्हाला म्हणाली, तिला शिक्षण काय विचारता, हा डोळेवाला कसा वाटतो ते विचारा. मला वाटलं, तुम्ही तिला गप्प कराल. तुम्ही माझ्या पट्ट्या घट्ट केल्यात.

"बोल गो. आवडतो तुला?"

"नाय."

डबी वाजली आणि वाजतच राहिली. तो समोर होता, हातात ब्रश.

"तोंड काय पण बोलंल," तुम्ही सगळ्यांना म्हणालात, "बोटं खोटं बोलत नाय."

बायका हसून लोळल्या. मामा हसला नाही. ऐन हंगामात त्याने त्या मुलाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पुढे तो धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधला कोळसा उतरवताना दिसतो असं कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, की यंत्र बरोबर चालतंय.

त्यानंतर डबी कधीच वाजली नाही. मुलगी बरी केली म्हणून तुम्ही रोहाभर सांगत फिरलात. साच्याला माती चिकटू नये म्हणून मारतात ती पांढरी पूड मी रोज बोटांना चोळत होते. कारखान्यात सगळ्यांचेच हात पांढरे, तुम्हाला कळलं नाही. मुलाखतीत मी एकदाही अडखळले नाही. प्रश्न विचारणाऱ्यांच्या जागी तुम्ही बसलायत असं धरून चालले होते, आणि तुमची भीती तोवर संपली होती.

शेवटच्या आजारात तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, बघ, कसा कोरडा हाय, गेली ना भीती. मी व्हय म्हणाले. त्या दिवशी पूड लावलेली नव्हती, अण्णा.

आज त्या मुलीची रेष खाली येईना. मॅडम, मी घाबरले नाहीये, असं ती दोनदा म्हणाली. मी तुमचंच वाक्य तिला ऐकवलं, नीट पुस्तकी मराठीत, आणि म्हटलं, पुन्हा.

हा कागद मी तिच्या फाइलमागे घालून ठेवणार आहे, तुमच्यापर्यंत तो पोचणार नाही. पुडीचं मी तिला सांगितलं नाही.