प्रबंधाच्या मागची यादी

परभणी, मंगळवार, फेब्रुवारी १९८६

शिसारी आली आज. ज्वारीच्या खोडमाशीवर वर्गाला लिहायला दिलं, तर अठराच्या अठरा जणांनी एकाच शोधनिबंधाचा आधार दिलेला. वाचलाय का कुणी? मानवतच्या गोविंदाला उभं केलं.

"सर, तो निबंध छापलेला अंक आपल्या लायब्ररीत येतच न्हाई. तुमच्या प्रबंधाच्या मागं यादी हाय ना, तिच्यातून उतरवलं समद्यांनी."

"निर्लज्ज!" म्हणून त्याला वर्गाबाहेर काढलं.

पण तो अंक खरंच येत नाही. मी शिकत होतो तेव्हाही येत नव्हता. यादीतली ती ओळ मी माझ्या गाईडच्या प्रबंधातून उचलली होती. त्यांनी तरी तो अंक पाहिला होता का?

थू! अख्ख्या वर्गात एकटा गोविंदा खरं बोलला, आणि बाहेर मी त्यालाच काढलं.