तांदूळ धुवायच्या पायऱ्या

बाई, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी आत्ता पत्र लिहायला बसले आहे, म्हणजे उशिरा येण्याची माझी खोड गेलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपासू नका. मी परदेशात, व्हिटबी नावाच्या गावात राहते, सरोवराच्या काठी. इथे संस्कृत कोणी विचारत नाही, पण तुम्ही घोटून घेतलेली रूपं भांडी घासताना अजून तोंडात येतात. आठवडाभर ती नुसत्या भीतीने येतायत.

शेजारी एक चिनी आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची मुलगी नर्स. तिची शिफ्ट असली की दुपारी मी लॅपटॉप घेऊन आजींजवळ बसते. घराची किल्ली माझ्याकडेच असते. आजींना सकाळचं आठवत नाही, पण लहानपणचं गाव लख्ख आठवतं. मोडक्या इंग्रजीत सांगतात. गावात रस्त्यांपेक्षा कालवे जास्त. घराचं पुढचं दार गल्लीत, मागचं पाण्यावर, आणि दारापासून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. भाजीवाली होडीतून यायची. वरच्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडली की झाला बाजार. पायऱ्यांवर पाळी ठरलेली. पहाटे प्यायचं पाणी भरायचं, मग तांदूळ-भाजी धुवायची, मग कपडे, आणि सगळ्यात शेवटी रात्रीचं ते भांडं, ज्याचं नाव आजीही घेत नाहीत. मागे कपडेवाल्या येऊन उभ्या राहिल्या की तांदूळवालीने मुकाट उठायचं, नाहीतर गावभर नाव खराब. तुमच्या वर्गापेक्षा शिस्त कडक होती, कबूल करा.

नळाखाली धुतलेले तांदूळ त्यांना पटतच नाहीत. कण्या खायला मासे आले नाहीत तर ते धुणं कसलं, म्हणतात. त्यांच्या मुलीने किल्ली देताना एकच गोष्ट बजावली होती, आईला पाण्याजवळ न्यायचं नाही. आणि सप्टेंबरात मी चाळणीत वाटीभर तांदूळ घेऊन त्यांना सरोवरावर घेऊन गेले. दया आली म्हणा, किंवा मलाच बघायचं होतं म्हणा. दहा मिनिटांची वाट. बोटी उतरवतात तिथे शेजारी चार पायऱ्या आहेत. आजींनी खाली बसून चाळण पाण्यात फिरवली, आणि बोटाएवढे मासे खरंच आले. "नाऊ यू लर्न," त्या मला म्हणाल्या, अगदी तुमच्या आवाजात. आम्ही तीनदा गेलो. मुलीला मी काही सांगितलं नाही.

नववीत मी तुमच्याशी खोटं बोलले होते, तुमच्या स्वयंपाकघरात. पाठ झालं नव्हतं आणि घसा बसलाय म्हणाले. तुम्ही पोह्यांची बशी पुढे सरकवलीत. "आधी खा. रिकाम्या पोटी खोटं टिकत नाही." पोहे संपेपर्यंत तुम्ही काही विचारलं नाहीत. ते न विचारणं छडीपेक्षा वाईट होतं, बाई.

मागच्या मंगळवारची गोष्ट. मी मीटिंगमध्ये आहे, कॅमेरा चालू. किचनमध्ये नळ वाहतोय, म्हणजे आजी तिथेच आहेत, असं मी धरून चालते. मीटिंग संपवून उठते तर नळ तसाच चालू, चाळण नाही, आजी नाहीत, त्यांचं जॅकेट खुंटीवर. बाहेर उणे नऊ. फावड्याने बर्फ न काढलेल्या फुटपाथवर मी दोनदा आपटते. बर्फात सपातांचे ठसे आहेत, सरोवराच्या दिशेने, एकही पाऊल न चुकलेले. आजी शेवटच्या पायरीवर बसल्या आहेत. पायऱ्यांवर काच ओतल्यासारखा बर्फ, पुढे पातळ पापुद्र्याखाली काळं पाणी, आणि त्या चाळणीच्या कडेने तो पापुद्रा फोडतायत. मला पोहता येत नाही. ओरडले तर त्या दचकून घसरतील. उतरले तर दोघी जाऊ. घसा खरोखरच बसलाय. मग जमेल तेवढ्या शांतपणे मी वरून म्हणते, "आंटी, लाँड्री लेडीज आर वेटिंग."

त्या वळूनसुद्धा बघत नाहीत. "सॉरी, सॉरी," म्हणत चाळण उचलतात, आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर येतात, ओशाळलेल्या, अंग चोरून, तिथे नसलेल्या बायकांना वाट करून देत.

संध्याकाळी त्यांची मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली. आईला वाट कशी सापडली, असं तिने तीनदा विचारलं. मी म्हणाले, कोण जाणे, जुन्या माणसांचं काही सांगता येत नाही. आता दाराला अलार्म बसवलाय. तो वाजला नाही तरी मला वाजल्यासारखा वाटतो. उद्या तिची पुन्हा शिफ्ट आहे, आणि किल्ली अजून माझ्याकडेच आहे. खरं सांगितलं तर ती परत मागेल, आणि मागायलाच हवी.

हे पत्र कुठे जाणार नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. सरोवराकडे धावताना माझ्या मनात पहिला विचार आजींचा नव्हता. पहिला विचार होता, आता यांच्या मुलीला कळणार, वाट कोणी दाखवली ते.