धुतलेलं जॅकेट

बजाजनगर, दुसरी माळ

सूर्यभानदादा,

अंगात बुलेटप्रूफ जॅकेट असेल तर आधी काढ, मग पुढं वाच.

तू रजेवर आलास तेव्हा आईनं घटाचं धुणं काढलं होतं. गोधड्यांबरोबर तिनं तुझं जॅकेटही उसवलं. आतलं कापड सोड्याच्या पाण्यात भिजवलं, बडवलं, चार दिवस उन्हात वाळवून परत शिवलं. तेच घालून तू ड्युटीवर गेलास. काल गावी गेले तर म्हणाली, "लई घामट वास येत व्हता गं. आता कसं फुलावानी झालंय!"

दादा, त्यातला कुठलाही एकटा थर पिस्तुलाची गोळी अडवत नाही; सगळे मिळून अडवतात. प्रत्येक थराचे धागे ताणले जातात, गोळीचा जोर आजूबाजूला पसरतो आणि ती चपटी होऊन मधेच थांबते. उन्हापाण्यानं त्या धाग्यांची ताकद जाते. मी काम करते त्या जॅकेटच्या कारखान्यात असंच धुऊन वाळवलेलं एक जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर बांधून आम्ही गोळी झाडली. गोळी मातीत घुसली.

चूक आईची नाही. ती घाबरून मला ही नोकरी सोडायला लावेल, म्हणून मी तिला "कापड तपासते" एवढंच सांगत आले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि आईलाच खरं सांगितलं नाही.

उद्या सिल्लोडच्या सभेत तू अंगरक्षक म्हणून मंत्र्यांच्या शेजारी उभा राहणार. तुझा फोन कालपासून बंद लागतोय आणि पत्र परवा पोचेल. शिवाय यात आईचं नाव आहे, म्हणून हे फाडते आणि पहिल्या एसटीनं मीच येते. तुझ्या सायबांना सांगेन, जॅकेट मी धुतलं. तू मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
बानू