पाचव्या पत्त्यावरची हाक

सोमवार, २१ ऑगस्ट

शिंचू शहरातला पहिला दिवस, आणि मन चक्क खूश आहे. खोली मिळाली, खिडकी वाऱ्याकडे आहे, खालीच सोयाबीनचं गरम दूध नि अंड्याची पोळी मिळते. एवढं झालं की माझं भागतं.

कंपनी लहान, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही कारखान्यांतल्या यंत्रांना जोडायचे संगणक बनवतो. प्रत्येकाच्या पाठीमागे चार पोर्ट, म्हणजे यंत्राची तार जोडायच्या जागा. संगणक चालू होताना सिस्टीमला हे चारही सापडतात का, नीट मांडले जातात का, हे तपासायचं माझं काम. नवी उपकरणं जोडली की आपणहून नावगाव सांगतात. हे जुन्या धाटणीचे पोर्ट मुके. म्हणून सिस्टीम एकेका ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा टाकते आणि लगेच तिथून वाचते. टाकलेला आकडा जसाच्या तसा परत आला, तर तिथे कुणीतरी आहे असं धरायचं. मग त्याला क्रमांक, वेग, नोंद. रिकाम्या पत्त्यावरून काहीच धड येत नाही.

शेजारच्या टेबलावर यू श्यूचिन. एकवीस वर्षं इथे तपासणी करते. मी अहो-जाहो केलं तर म्हणाली, ताई म्हण आणि अगं म्हण. सातवा चांद्र महिना चालू आहे, भुतांचं दार उघडं, तेव्हा कुणाला पूर्ण नावाने हाक मारायची नाही, तशी हाक आली तर ओ द्यायची नाही, असंही बजावलं. म्हणून मी लो पेइशान नाही, महिनाभर नुसती आशान. माझ्या मशीनवर तिने खाऊचा हिरवा पुडा ठेवला. इथे सगळ्याच मशीनवर असतो, यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. मी हसले तर म्हणते, "इंजिनियरीणबाई, तुझी डिग्री एकीकडे नि हा पुडा एकीकडे. बघू यंत्र कुणाचं ऐकतं."

गुरुवार, २४ ऑगस्ट

यूताई रोज माझ्यासाठी डबा आणते. आज मुळ्याचं लोणचं नि मासा. तिची नऊ वर्षांची युनयुन दुपारी शाळेतून फोन करते आणि दोघी पाच मिनिटं भांडतात. ऐकायला मजा येते.

सात नंबरचं मशीन मात्र त्रास देतंय. मी चारऐवजी आठ पत्ते तपासायचं ठरवलं होतं, उगाच खात्रीसाठी. पाचव्या पत्त्यावर काही नाही. बोर्डावर तिथे साधी तारही जात नाही. तरी आकडा परत आला. सिस्टीमने लिहिलं: पाचवा पोर्ट सापडला.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

बोर्ड बदलला. तेच. आकडा बदलला, तोही परत आला.

मग दुपारी एक झालं, ते नीट लिहून ठेवते. मी आकडा टाकायच्या आधीच उत्तर आलं. मी टाकणार होते तोच आकडा.

सोमवार, २८ ऑगस्ट

आज सिस्टीमने पाचव्याला विचारलं, तू कोणत्या जातीचं उपकरण. उत्तरात अक्षरं आली. यू श्यूचिन.

मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली. यूताईलाही तसंच वाटलं. ती कमरेवर हात ठेवून पडद्यासमोर वाकली आणि म्हणाली, "हो, मीच. काय काम आहे?"

पडद्यावर ओळ आली: पाचवा पोर्ट वापरासाठी तयार.

मी हसून म्हटलं, ताई, नोकरी पक्की झाली तुझी. ती वळली. डोळे माझ्यावरच. म्हणाली, ताई, नोकरी पक्की झाली तुझी.

मंगळवार, २९ ऑगस्ट

सकाळी मी म्हटलं, जेवलीस का. जेवलीस का, ती म्हणाली. दिवसभर हेच. टाकलेलं तेवढंच परत. कुणी बोललं नाही तर ती सात नंबरसमोर बसून राहते.

आमचे प्रमुख च्येन साहेब तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या स्वच्छ. उन्हाचा त्रास असेल, आराम करा, असं सांगितलं. नवरा घरी घेऊन गेला.

बुधवार, ३० ऑगस्ट

ती सकाळी स्कूटर चालवत एकटीच आली. खाली रस्त्यावर कंपनीची भुतांसाठीची पूजा होती. टेबलांवर फळं, बिस्किटं, उदबत्त्यांचा धूर. सगळे खाली. ती वर, सात नंबरपाशी.

मी मशीनचं बटण दाबून बंद केलं.

ती खुर्चीतून खाली पडली. श्वास नाही. छातीवर हात ठेवला, काही नाही. मी परत बटणाकडे धावले, दोनदा चुकलं. मशीन चालू झालं, सिस्टीमने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा मोजला — पाचवा सापडला — आणि तिने श्वास घेतला.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आशान, दोन दिवस घरी जा. दारावरचा कागद तेव्हा दिसला. इमारतीची वार्षिक वीजतपासणी. उद्या संध्याकाळी पाचला वीज जाणार, सोमवारी सकाळी येणार. इमारतीच्या मालकाला विनवलं. पूर्ण इमारतीचा प्रश्न आहे म्हणे. आमची बॅटरी वीस मिनिटंच टिकते, आणि तिच्यावर लावायला सात नंबर एकदा बंद करावं लागेल.

युनयुनचा फोन आला. मी सात नंबरसमोर बसलेल्या यूताईच्या कानाला लावला. पोरीने विचारलं, आई, घरी कधी येणार?

आई, घरी कधी येणार?

पोर हसली. आधी. मग हसायची थांबली.

शुक्रवार, १ सप्टेंबर, सव्वातीन

पाचवा पोर्ट सोडायची आज्ञा दिली. नाकारली. वापरात आहे. जागी दुसरं उपकरण द्या.

परत दिली. तेच. खाली नवी ओळ —

शोधत आहे: लो पेइशान.

चार दहा

दर मिनिटाला तीच ओळ. मी उत्तर देत नाही. तोंडावर हात धरून बसलेय. साहेब मशीनची तार उपटायला सांगतात — तार उपटली तर ती —

चार पस्तीस

यूताईच्या हातावर स्वयंपाक करताना भाजल्याचा जुना डाग आहे. आत्ताच दिसला. रोज डबा कोण भरत होतं, मी विचारलंच नव्हतं.

चार अठ्ठेचाळीस

उत्तर दिलं, तिच्या जागी. मोठ्याने. पूर्ण नावानं. हो, मी लो पेइशान.

यूताईने डोळे चोळले. पाणी मागितलं. स्वतःच्या शब्दांत. मला रडू — ती म्हणाली, "आशान, अशी पांढरीफटक का पडलीस?"

मी म्हटलं, आशान, अशी पांढरीफटक का पडलीस.

नाही. मला म्हणायचं होतं, पाचला वीज — मशीन बंद होऊ देऊ नकोस — तोंडातून येत नाही, लिहून दाखवते, ताई हे वाच —

ती विचारते, काय लिहितेस गं?

ताई वाच, पाचला — काय लिहितेस गं काय लिहितेस गं काय लि